धावण्याचे कारण : धार्मिक

गुरुजी माणसाने पळू नये. शास्त्रात असं कुठे लिहिलेलं नाही, हरिहरगुरुजींनी शोधून पाहिलं होतं. पण आमच्या अमरावतीत हा नियम सगळ्यांना पाठ आहे. पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वकील पळतात, बँकेचे मॅनेजर पळतात, एक दातांचे डॉक्टर तर कुत्र्याला घेऊन पळतात आणि दोघांचंही कौतुक होतं. पण धोतर, उपरणं, कपाळाला गंध अशा थाटातला त्रेपन्न वर्षांचा, ब्याण्णव किलोंचा गुरुजी रस्त्याने पळत निघाला की बघणाऱ्याच्या मनात दोनच शक्यता येतात. एक तर कुठेतरी मुहूर्त टळत चालला आहे, नाहीतर कोणीतरी गेलं आहे.

पहिल्याच दिवशी तसं झालं. समोरच्या घरातले खुशालराव ओसरीवर दात घासत होते. तहसील कचेरीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण गल्लीची हजेरी घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. तोंडातला फेस सांभाळत ते ओरडले, "गुरुजी, कोन गेलं?"

गुरुजींना उत्तर द्यायचं होतं, पण शंभर पावलांतच दम संपला होता. त्यांनी नुसता हात हलवला. वीस मिनिटांनी ते धापा टाकत परत आले तेव्हा दारात पाच माणसं खांद्यावर पंचे टाकून उभी होती आणि 'किती वाजता काढायचं' याची दबक्या आवाजात चौकशी चालली होती. आत गोदावरीबाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, पाच जणांचा चहा टाकत होत्या. नेमकं कोण गेलं हे त्यांनाही कळलं नव्हतं, म्हणून त्यांनी चेहरा बेताचाच दुःखी ठेवला होता.

आता हे पळणं आलं कुठून? तर पितृपक्षातून. त्या पंधरवड्यात चांगल्या गुरुजींना दिवसाला दोन-दोन घरची पानं असतात. पूर्वी त्या पानांवर घरी रांधलेलं असे. आता खीर पाकिटातली, वडे बर्फातले आणि 'गुरुजी, थोडं तरी घ्या' म्हणून ताटाशेजारी कोल्ड्रिंकची बाटली. सर्वपित्रीला गुरुजी जेवले, उत्तरापोशन घेतलं, आणि पाटावरून त्यांना उठताच येईना. यजमान आणि यजमानांचे मेहुणे यांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि त्या मेहुण्यांनी 'जय बजरंगबली' असंही म्हटलं. हा अपमान गिळून गुरुजी रक्त तपासायला गेले. उपाशीपोटी साखर निघाली एकशे ब्याऐंशी.

आकडा वाचून गुरुजी हसले, डॉक्टरांशी चार विनोद केले, आणि घरी येऊन देवघरात बराच वेळ बसून राहिले. त्यांचे वडीलही गुरुजीच होते. त्यांनाही साखर होती, तेही असेच सगळीकडे जेवत, असेच विनोद करत, आणि चौपन्नाव्या वर्षी गेले. हरिहरगुरुजींना मार्गशीर्षात चौपन्नावं लागणार होतं. त्यांना भीती वाटली. दुसऱ्यांच्या मरणाला तीस वर्षं मंत्र म्हटलेल्या माणसाने हे कोणाला सांगायचं? त्यांनी ते बायकोलाही सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांना एका जागी बसवेना.

त्यांची मुलगी जुईली अकोल्याला जठारपेठेत राहते. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः पळते. रिपोर्ट कळल्याबरोबर तिने दोन गोष्टी केल्या. मार्गशीर्षात अमरावतीच्या टेकड्यांमध्ये दहा किलोमीटरची दौड होती, तिच्यात न विचारता बापाचं नाव घातलं, आणि खाण्याचा एक कागद पाठवला. कागदावर पहिलंच वाक्य होतं, 'जे पाकीट फाडून निघतं ते खायचं नाही.'

"बाबा, डांबरावर पळू नका, गुडघे जातील," तिने फोनवर सांगितलं. "जंगलातल्या पायवाटेवर पळा. त्याला ट्रेल रनिंग म्हणतात."

"आपल्याकडे त्याला वाट चुकणं म्हणतात," गुरुजी म्हणाले.

आधी खाण्याचं पाहू. गुरुजींच्या घरात एक मोठं कपाट होतं आणि ते पाकिटांनी भरलेलं होतं. हल्ली पूजेत नैवेद्याला बिस्किटांचा पुडा ठेवतात, हिरवा ठिपका देवाकडे करून. तो पुडा पुढे गुरुजींकडे येतो. सोनपापडीचे डबे, उपवासाचे वेफर्स, तयार पंचामृताच्या बाटल्या, सगळं येऊन त्या कपाटात जातं. गुरुजींनी कपाट रिकामं करायला काढलं तेव्हा गोदावरीबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"काय करून राहिले तुम्ही? तीस वर्षं मी सोवळ्यात चुलीशी उभी होती. आता कुठे पाकीट उघडून दोन घटका बसते, तर तुम्हाला भाकर आठवली?"

"अगं, पण ते यंत्रात बनतं."

"म्हणूनच तर सोवळं. कोणाचा हातच लागत नाही."

या मुद्द्याला शास्त्राधार नव्हता, पण शास्त्रविरोधही सापडेना. कपाट भरलेलंच राहिलं.

यजमानांकडे तर याहून वाईट. भातकुलीला सूर्यभान पाटलांकडे सत्यनारायण होता. पूजा झाल्यावर गुरुजींनी धीर करून म्हटलं की मला आपली साधी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढा. सूर्यभानचा चेहराच पडला. "गुरुजी, आमी गरीब दिसलो काय तुमाले? भाकर आमी वावरात खातो. पाहुन्याले भाकर वाढली तं गाव हासन आमाले." आणि त्याने शहरातून मुद्दाम आणलेलं वेफर्सचं मोठं पाकीट गुरुजींसमोर फाडून, सगळंच्या सगळं चांदीच्या ताटात ओतलं. बाजूला उभ्या असलेल्या म्हातारीने ताटाला हळदकुंकू लावलं. गुरुजींनी ते खाल्लं, आणखी काय करणार?

खाणं आवरत नाही, तर निदान पळू तरी, असं ठरवून गुरुजींनी गल्ली सोडली आणि जुईलीने पाठवलेली काळी ट्रॅकपँट घालून तलावामागच्या टेकड्या गाठल्या. पण टेकड्या म्हणजे जंगल, जंगल म्हणजे नाका, आणि नाक्यावर वनरक्षक नितेश.

"गुरुजी, आत बिबट हाये. परवानगीबिगर नाई सोडता येत."

"मी बिबट्याला काही करणार नाही."

"तुमी नाई करनार, मालूम हाये मले."

परवानगीचा फॉर्म होता. त्यात 'प्रवेशाचे कारण' या रकान्यात चारच पर्याय होते : संशोधन, वनोपज गोळा करणे, धार्मिक, इतर. पळणं हे 'इतर'मध्ये बसत होतं. पण 'इतर' लिहिलं की कारणांचा वेगळा कागद, दोन शिफारशी आणि मोठ्या साहेबांची सही, आणि मोठे साहेब दौऱ्यावर. नितेश भला माणूस. तो म्हणाला, "धार्मिक लिवा ना गुरुजी. आठ दिवसांत होते. तुमाले कोन इचारते?"

संकल्प सांगताना यजमानाच्या आजोबांच्या नावातही चूक होऊ न देणारा हा माणूस. पण डोळ्यांपुढे मार्गशीर्ष होता. गुरुजींनी 'धार्मिक'वर खूण केली. पुढचा रकाना होता 'देवतेचे नाव'. तो त्यांनी रिकामा ठेवला, तर नितेशने फॉर्म परत केला. रिकामा रकाना चालत नाही. मग बराच विचार करून गुरुजींनी लिहिलं, 'निराकार'. यात निदान तत्त्वतः खोटं काही नव्हतं. 'भाविकांची अंदाजे संख्या' इथे त्यांनी 'एक' लिहिलं आणि सही केली. आठव्या दिवशी गोल शिक्क्याची परवानगी हातात आली.

पुढचे काही दिवस गुरुजींच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सागाची पानं पायाखाली वाजत, तांबडं फुटत असे, आणि कोणी 'कोन गेलं' म्हणून विचारत नसे. नाक्यापासून दीड किलोमीटर चढ चढला की वाटेच्या कडेला कमरेएवढा एक काळा दगड होता. तिथे गुरुजींचा दम संपे. मग ते दोन्ही हात दगडावर टेकून खाली वाकत, जुईलीने शिकवल्याप्रमाणे आधी एक पाय मागे ताणत, मग दुसरा, आणि बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत. त्यातलं निम्मं दगडावर पडे.

हे सगळं पार्बताबाईंनी पाहिलं. पार्बताबाई टेकडीखालच्या वस्तीतल्या. सीताफळं वेचायला रोज वर येत. शहरातले एवढे मोठे गुरुजी अंधारात धावत येतात, दगडाला वाकतात, पाणी घालतात आणि एक शब्द न बोलता निघून जातात, याचा अर्थ कोणीही जो लावील तोच त्यांनी लावला. दुसऱ्या दिवशी दगडाला शेंदूर होता. पार्बताबाई हात जोडून बाजूला उभ्या होत्या. गुरुजींना सांगायचं होतं की बाई, असं काही नाही. पण चढ चढून आल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. त्यांनी नकारार्थी हात वर केला. पार्बताबाईंनी तो आशीर्वाद डोळे मिटून घेतला.

चौथ्या दिवशी नारळ आला. दहाव्या दिवशी खुशालराव आले. माणूस उगाच श्रद्धा ठेवणारा नव्हे, आयुष्य कागदात गेलेलं; ते आधी नाक्यावर गेले आणि नितेशकडून गुरुजींच्या परवानगीची नक्कल पाहून आले. तिथून ते जवळजवळ पळतच वर पोचले. "गुरुजी, इतकी मोठी गोष्ट लपवून ठेवली? सरकारदरबारी नोंद हाये देवाची!" आठवड्याच्या आत समिती झाली, खुशालराव अध्यक्ष झाले आणि झाडाला फलक लागला : 'श्री निराकार देवस्थान (शासनमान्य)'.

आणि प्रसाद? टेकडीवर माकडं फार. उघडं काही नेलं की झडप घालतात. म्हणून समितीने ठराव केला की प्रसाद बंद पाकिटातलाच आणावा. झालं. ज्या पाकिटांपासून पळत गुरुजी डोंगर चढले होते, ती पाकिटं डोंगर चढून त्यांच्या आधी तिथे हजर राहू लागली. सकाळी सहा वाजता पळत येणाऱ्या माणसाच्या तोंडात पहिली सोनपापडी पडे, कारण गुरुजींनी घेतल्याशिवाय इतरांनी कसं घ्यायचं? आणि प्रसादाला 'नको' म्हणायचं तर गुरुजींनी कोणत्या तोंडाने म्हणायचं? मग आरती. आरतीला अर्धा तास. मग खुशालराव म्हणत, "आता कायले पायी जाता, बसा," आणि खालून वर आणलेल्या त्यांच्या स्कूटरवर बसून गुरुजी घरी येत.

गुरुजींनी उपाय करून पाहिले. एक दिवस ते नाक्याहून डावीकडच्या वाटेने गेले आणि एका दुसऱ्याच दगडाशी दम घेतला. दुसऱ्या दिवशी त्यालाही शेंदूर होता आणि खुशालराव विचारत होते, "हे उपदेवस्थान धरायचं ना?" मग गुरुजी परवानगी रद्द करायला गेले. तिथे कळलं की धार्मिक परवानगी अशी एका माणसाच्या अर्जावर रद्द होत नाही, भाविकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकती मागवल्या, त्या एकसष्ट आल्या. घरी गोदावरीबाई म्हणाल्या, "दगडापुढे काय नाचून राहिले सगळे! मला नका सांगू त्या येड्यांचं काही." निदान घरात एक तरी शहाणं माणूस आहे, याचं गुरुजींना त्या दिवसांत फार बरं वाटलं.

दौडीच्या आधी आठ दिवस पुन्हा रक्त तपासलं. साखर दोनशे सहा. डॉक्टरांनी कागदावरून डोळे वर केले आणि विचारलं, "पळता म्हणाला होतात ना?" त्या दिवशी गुरुजींना विनोद सुचला नाही. ते घरी आले, आसन घातलं, उठले, अंगणात गेले, परत आले. दौडीनंतरच्या सोमवारी त्यांना चौपन्नावं लागत होतं. दौड शनिवारी होती. ही दौड पुरी केली तर आपण वाचू, असं एक वेडं गणित त्यांच्या मनात बसलं होतं. कोणा यजमानाने असं गणित मांडलं असतं तर गुरुजींनी त्याला समजावून सांगितलं असतं की असं नसतं. स्वतःला ते समजावू शकले नाहीत.

शनिवारी दोनशे माणसं टेकडी चढू लागली. जुईली बापाच्या सोबतीला होती, त्यामुळे ती दोघं सगळ्यात शेवटी होती. सहा किलोमीटर गुरुजी पळत, चालत, पुन्हा पळत छान आले. सातव्या किलोमीटरला वाट त्या दगडापाशी यायची होती. लांबूनच लाउडस्पीकर ऐकू आला.

दगडाला हार होते. शेजारी टेबलं मांडून समितीने धावणाऱ्यांसाठी महाप्रसाद ठेवला होता : ग्लुकोजची बिस्किटं, सोनपापडी, आंब्याचं कोल्ड्रिंक. वाटेवर साठ-सत्तर माणसं आडवी उभी होती आणि मध्ये खुशालराव माइक घेऊन. "आले, गुरुजी आले! आता आरती झाल्याबिगर कोनी पुढं जाऊ नका!" पुढे जायला कोणी उरलंच नव्हतं.

"बाबा, वेळ संपत आलीये," जुईली म्हणाली. "दहा मिनिटांत पुढच्या टप्प्यावर नाही पोचलो तर तिथे थांबवतील आपल्याला."

खुशालरावांनी सोनपापडीचा तुकडा गुरुजींच्या ओठांपर्यंत आणला. गुरुजींनी त्यांचा हात धरला, बाजूला केला आणि दुसऱ्या हाताने माइक घेतला. बराच वेळ माइकमधून नुसती धाप ऐकू येत होती. मग ते बोलले.

"इथे देव नाही. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. मी इथे पूजा करत नव्हतो, मला चढ झेपत नाही म्हणून थांबत होतो. माझे वडील साखरेने चौपन्नाव्या वर्षी गेले. परवा मला चौपन्नावं लागतं. मला मरायची भीती वाटते. म्हणून मी पळतो. एवढंच आहे. मला जाऊ द्या."

झाडावरची माकडं पाकिटांवर नजर ठेवून होती. खुशालराव हातातल्या तुकड्याकडे पाहत राहिले. मग पार्बताबाई पुढे आल्या.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "मंग इतके दिवस बोलले काऊन नाई गुरुजी? तुमाले का वाटते, आमी अठी हौसेनं येतो? माह्या मालकाचा पाय कापाव लागन म्हन्ते डॉक्टर, साखर हाये त्याईले. म्हून येतो मी. हे बाई भावासाठी येते. खुशालभाऊ, तुमी सांगा ना, तुमी कायले येता?"

खुशालरावांनी माइक नसताना सांगितलं, "दोनशे चाळीस हाये मले. घरी नाई सांगतलं." आणि सोनपापडीचा तुकडा कुठे ठेवावा हे न कळून त्यांनी तो खिशात घातला.

"आन ते पाहा," पार्बताबाईंनी गर्दीच्या मागे बोट केलं. "तुमची मंडळी. तुमी खाली गेले की रोज येते ते. कायले येते, तुमीच इचारा आता."

गर्दी दुभंगली. मागे सागाच्या बुंध्याला टेकून गोदावरीबाई उभ्या होत्या. पदराने घाम पुसत होत्या. नाक्यापर्यंत रिक्षा येते, पण पुढचा दीड किलोमीटर चढ त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांनी चढायचा असतो.

"तू?" गुरुजी जवळ जाऊन म्हणाले. "तुला तर माहीत होतं हा नुसता दगड आहे."

"माहीत होतं."

"मग?"

"सासरे गेले तेव्हा मी घरातच होती ना," गोदावरीबाई म्हणाल्या. "मलाही चौपन्न मोजता येतात."

जुईली घड्याळाकडे पाहत होती. वाटेवरची माणसं एक-एक करून कडेला झाली. खुशालरावांनी स्वतः टेबल ओढून वाट मोकळी केली.

"उभे काय राहिले? पळा आता," गोदावरीबाई म्हणाल्या. "खाली रिक्षा थांबवून ठेवली आहे मी. शेवटी कुठे यायचं, तेवढं सांगा."

गुरुजींनी हाताने टेकडीपलीकडे दाखवलं, आणि ते पळायला लागले.